एका आयएसबीएनखाली दोन पुस्तके : ग्रंथतालिकांतील दुबार क्रमांकांचा प्रश्न

ग्रंथालयांच्या संगणकीय तालिकांत दोन दोष वारंवार आढळतात. एका क्रमांकाखाली दोन वेगवेगळी पुस्तके नोंदलेली असतात, किंवा याच्या उलट, एकच पुस्तक दोन-तीन स्वतंत्र नोंदींत विखुरलेले असते आणि त्याच्या प्रतींचा एकमेकींशी संबंध तुटलेला असतो. दोन्ही दोषांच्या मुळाशी बहुधा आयएसबीएन, म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रमाण ग्रंथ क्रमांक, असतो. हा क्रमांक एका प्रकाशनाला एकदा दिला की पुन्हा दुसऱ्या कशालाही द्यायचा नाही, असा नियम आहे. या नियमावर विसंबून तालिकेच्या बहुतेक संगणकप्रणाली क्रमांकालाच पुस्तकाची ओळख मानतात; परंतु नियम काय सांगतो आणि छापील पानावर प्रत्यक्षात काय येते, यांतील अंतराचा हिशेब त्यांच्या रचनेत क्वचितच धरलेला असतो. दुबार क्रमांकांचा प्रश्न या अंतरातून निर्माण होतो.

हा क्रमांक मुळात ग्रंथालयांसाठी तयार झालेला नाही, ही गोष्ट आधी लक्षात घेतली पाहिजे. १९६० च्या दशकाच्या मध्यास ब्रिटनमधील डब्ल्यू. एच. स्मिथ या पुस्तकविक्रीच्या पेढीला आपले कोठार संगणकावर न्यायचे होते, आणि त्या निमित्ताने गॉर्डन फॉस्टर या संख्याशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये नऊ अंकी क्रमांकाची योजना मांडली. ब्रिटिश प्रकाशनव्यवसायात ती रुळल्यावर १९७० मध्ये आयएसओ २१०८ या मानकाने तिला दहा अंकी आंतरराष्ट्रीय रूप दिले, आणि १ जानेवारी २००७ पासून, दुकानातील इतर मालाच्या बारकोडशी पूर्णपणे जुळावा म्हणून आणि क्रमांकांचा साठाही वाढावा म्हणून, तो तेरा अंकी झाला. विक्रीचा जिन्नस ओळखता यावा, हे त्याचे पहिले काम होते आणि आजही आहे. कापडी बांधणीची प्रत व कागदी बांधणीची प्रत यांची किंमत वेगळी, साठा वेगळा, म्हणून विक्रेत्याला ते दोन जिन्नस वाटतात. वाचकाच्या लेखी मात्र ते एकच पुस्तक असते.

ग्रंथालय संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे इफ्लाने, १९९८ च्या आपल्या अहवालात हा भेद चार पातळ्यांवर मांडला. लेखकाची कृती ही पहिली पातळी. त्या कृतीने भाषेत किंवा संहितेत घेतलेला आविष्कार ही दुसरी. तो आविष्कार विशिष्ट प्रकाशकाने विशिष्ट स्वरूपात बाजारात आणला म्हणजे होते ते प्रकाशित रूप ही तिसरी. आणि ग्रंथालयाच्या मांडणीवर प्रत्यक्ष उभी असलेली प्रत ही चौथी. आयएसबीएन तिसऱ्या पातळीला चिकटतो. साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले, गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकणारा भारतीय स्वामित्वहक्क २०१० अखेर संपल्यावर अनेक प्रकाशकांनी या पुस्तकाच्या आपापल्या आवृत्त्या काढल्या. कृती एक आणि क्रमांक अनेक, अशी ही स्थिती नियमाला धरूनच आहे. ज्या तालिकेला या साऱ्या आवृत्त्या वाचकापुढे एकत्र मांडता येत नाहीत तिची उणीव क्रमांकाच्या माथी मारता येणार नाही. खरा दोष याच्या उलट स्थितीत असतो, म्हणजे दोन कृतींना किंवा दोन प्रकाशित रूपांना एकच क्रमांक लागतो तेव्हा.

असे का घडते, याचा शोध प्रकाशकाच्या बाजूने घेतला तर क्रमांकाची घडण आधी पाहावी लागते. तेरा अंकांपैकी पहिले तीन अंक ९७८ किंवा ९७९ असतात, पुढचा गट देश किंवा भाषा दाखवतो (भारताचे गट ८१ आणि ९३ हे आहेत), त्यापुढे प्रकाशकाचा संकेतांक, मग शीर्षकाचा अनुक्रम आणि शेवटी पडताळा अंक येतो. भारताच्या बाबतीत प्रकाशक व शीर्षक यांच्या वाट्याला मिळून सात अंक उरतात. मोठ्या प्रकाशकाला दोन अंकी संकेतांक मिळाला तर त्याच्या हाती एक लाख क्रमांक येतात. छोट्या प्रकाशकाला सहा अंकी संकेतांक मिळाला तर अवघे दहा. भारतात राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था हे क्रमांक विनामूल्य देते, त्यामुळे अमेरिका किंवा ब्रिटनप्रमाणे पैसे वाचवण्यासाठी जुना क्रमांक पुन्हा वापरण्याचे कारण येथे नाही. तरीही अकरावे पुस्तक छापखान्यात गेलेले असते, नवा गट अजून हाती आलेला नसतो, प्रकाशन समारंभाची तारीख ठरलेली असते, आणि आठ-दहा वर्षांपूर्वी संपलेल्या एखाद्या पुस्तकाचा क्रमांक नव्या मलपृष्ठावर चढतो. संपलेल्या पुस्तकाचा क्रमांक मोकळा झाला, असा समज त्यामागे असतो. विक्रेत्याला त्याचा फारसा त्रास होत नाही, कारण जुने पुस्तक त्याच्या साठ्यात उरलेले नसते. ग्रंथालयात मात्र दोन्ही पुस्तके एकाच वेळी मांडणीवर असतात.

याहून अधिक प्रमाणात आढळणारे कारण आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतील घोळ हे आहे. मजकूर न बदलता केलेल्या पुनर्मुद्रणाला जुनाच क्रमांक चालतो, किंमत वाढली तरी तो बदलत नाही. मजकुरात लक्षणीय बदल झाला किंवा बांधणीचा प्रकार बदलला तर मात्र नवा क्रमांक घ्यावा लागतो. मराठी पुस्तकांच्या मुद्रणहक्काच्या पानावर ‘दुसरी आवृत्ती’ असे शब्द दोन्ही अर्थांनी छापले जातात, त्यामुळे ऐंशी पानांची भर घातलेली सुधारित आवृत्ती पहिल्याच क्रमांकाने बाहेर पडते, आणि उलटपक्षी नुसत्या पुनर्मुद्रणालाही कधी नवा क्रमांक मिळतो. खंडमालांची अवस्था याहून बिकट असते. संपूर्ण संचाला एक क्रमांक आणि प्रत्येक खंडाला स्वतंत्र क्रमांक, ही योग्य पद्धत; पण संचाचा एकच क्रमांक सर्व खंडांवर छापला गेला की तालिकेत पाच खंडांच्या पाच नोंदी एकमेकींच्या दुबार म्हणून पुढे येतात. त्यातच मलपृष्ठावरील बारकोडमधला क्रमांक आणि आतल्या पानावरचा क्रमांक वेगवेगळे असलेली पुस्तकेही हाती येतात, कारण मुखपृष्ठ करणारा चित्रकार आणि आतला मजकूर जुळवणारा यांनी आधीच्या दोन वेगळ्या पुस्तकांचे साचे समोर ठेवून काम केलेले असते.

भारतीय विद्यापीठांच्या संदर्भात आणखी एक दबाव विचारात घ्यावा लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीत अध्यापकांच्या मूल्यमापनासाठी गुणांकनाची जी पद्धत आली, तीत आयएसबीएन असलेल्या पुस्तकाला आणि त्यातील प्रकरणाला गुण होते. क्रमांक नोंदणीसाठी असतो, गुणवत्तेच्या प्रमाणपत्रासाठी नसतो, हे भान त्यामुळे सुटले. चर्चासत्रांचे निबंधसंग्रह घाईने छापताना क्रमांक मिळवणे हाच मुख्य हेतू झाला की तो योग्य पुस्तकाला योग्य रीतीने लागला आहे किंवा नाही, हे पाहण्याची निकड कोणालाच उरत नाही. महाविद्यालयीन ग्रंथालयांत असे संग्रह मोठ्या संख्येने दाखल झालेले असल्याने हा दोष तेथे ठळकपणे जाणवतो.

प्रकाशकाचा क्रमांक अचूक असला तरी तो तालिकेत उतरेपर्यंत बिघडू शकतो, आणि या ठिकाणी गणिताचा भाग येतो. शेवटचा पडताळा अंक आधीच्या अंकांवरून काढलेला असतो, त्यामुळे टंकलेखनातील चूक संगणकाला पकडता येते, असे मानले जाते. जुन्या दहा अंकी क्रमांकात हे बऱ्याच अंशी खरे होते. तेथे अंकांना डावीकडून दहा, नऊ, आठ असे भार देऊन येणारी बेरीज अकराने निःशेष भागली जावी अशी अट होती (दहा हा पडताळा आला तर त्याजागी ‘एक्स’ हे अक्षर लिहीत), आणि अकरा ही मूळ संख्या असल्याने कोणताही एक अंक चुकला किंवा कोणत्याही दोन अंकांची अदलाबदल झाली तरी चूक उघडी पडे. तेरा अंकी क्रमांकात आळीपाळीने एक आणि तीन असे भार आहेत व बेरीज दहाने भागली जायची आहे. या पद्धतीत शेजारच्या दोन अंकांत पाचाचा फरक असेल तर त्यांची अदलाबदल लक्षातच येत नाही. ९७८-०-३०६-४०६१५-७ हा क्रमांक घेतला तर त्याची भारित बेरीज शंभर येते. त्यातील शेजारचे सहा आणि एक हे अंक उलटे टंकले, म्हणजे ९७८-०-३०६-४०१६५-७ असे लिहिले, तर बेरीज नव्वद येते, तीही दहाने भागली जाते, आणि प्रणाली चुकीचा क्रमांक निमूटपणे स्वीकारते. याच पुस्तकाचा दहा अंकी क्रमांक ०-३०६-४०६१५-२ असा आहे. त्यात हीच चूक केली तर बेरीज १३२ ऐवजी १२७ होते, अकराने भाग जात नाही आणि नोंद अडते. भिन्न अंकांच्या शक्य असलेल्या नव्वद शेजारजोड्यांपैकी दहा जोड्यांत पाचाचा फरक असतो, म्हणजे अशा अदलाबदलींपैकी सुमारे एक नवमांश निसटतात. एक जागा सोडून पलीकडच्या अंकाशी झालेली अदलाबदल तर कधीच पकडली जात नाही, कारण त्या दोन्ही जागांचा भार सारखाच असतो. निसटलेला क्रमांक रचनेने शुद्ध असल्याने तो दुसऱ्या एखाद्या पुस्तकाचा खरा क्रमांक असण्याची शक्यता राहते, आणि मग प्रकाशकाचा काहीही दोष नसताना तालिकेत दुबार क्रमांक तयार होतो.

दहा अंकांवरून तेरा अंकांवर झालेल्या बदलाने आपली वेगळी भर घातली. त्याच पुस्तकाची एक नोंद दहा अंकी आणि दुसरी तेरा अंकी क्रमांकाने झाली, आणि प्रणालीला त्या दोहोंतील नाते ठाऊक नसले, तर दोन नोंदी कायमच्या वेगळ्या राहतात. नाते ठाऊक असलेल्या प्रणालीतही धोका आहेच. ९७८ ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे दहा अंकी रूप काढता येते. ९७९ ने सुरू होणाऱ्या क्रमांकाला असे रूपच नसते. जुन्या प्रणालीने पहिले तीन अंक डोळे झाकून कापले, तर अमेरिकेच्या ९७९-८ या गटातील, पुढे सात हा अंक असलेला क्रमांक डेन्मार्कच्या ८७ या जुन्या गटातला भासू लागतो, आणि दोन देशांतील दोन पुस्तके एका जागी येऊ शकतात.

प्रत्यक्ष कामात मात्र या सूक्ष्म चुकांपेक्षा एक ढोबळ चूक अधिक नुकसान करते. लहान ग्रंथालयांचे संगणकीकरण बहुतेक वेळा एक्सेलच्या तक्त्यापासून सुरू होते. दाखल नोंदवहीतील माहिती तक्त्यात भरायची आणि तो तक्ता एकगठ्ठा प्रणालीत चढवायचा, अशी ही रीत आहे. रकान्याचे स्वरूप आधी ‘मजकूर’ असे ठरवून दिले नाही तर एक्सेल तेरा अंकी क्रमांकाला संख्या समजून ९.७८८१७ई+१२ अशा संक्षिप्त रूपात दाखवते, आणि साध्या मजकुराच्या धारिकेत तक्ता जतन केला की पडद्यावर दिसते तेच रूप कायम होते. मग एकाच प्रकाशकाच्या सगळ्या पुस्तकांचा क्रमांक ९.७८८१७ई+१२ हाच होतो. शून्याने सुरू होणाऱ्या दहा अंकी क्रमांकांतील पहिले शून्यही याच वाटेने गळते. संक्षिप्त रूपाने झालेले नुकसान भरून काढायला गणित उपयोगी पडत नाही, कारण उरलेले अंक धारिकेत कोठेच शिल्लक नसतात. पुस्तक पुन्हा मांडणीवरून उतरवून क्रमांक नव्याने वाचावा लागतो.

दुबार क्रमांक समोर आला की प्रणाली काय करते, हे तिच्या घडणीवर अवलंबून असते. न्यूझीलंडमध्ये तयार होऊन २००० च्या आरंभी वापरात आलेली आणि भारतातही पसरलेली कोहा ही मुक्त प्रणाली नवी नोंद जतन करताना, आयएसबीएन दिलेला असेल तर त्यावरून, नसेल तर शीर्षक व लेखक यांवरून संभाव्य दुबार नोंद शोधते आणि तालिकाकाराला सूचना देते. निर्णय त्याच्यावर सोडते. एकगठ्ठा आयातीच्या वेळी मात्र जुळणीचा जो नियम आधी ठरवलेला असेल त्याप्रमाणे नोंदी आपोआप एकत्र होऊ शकतात, आणि तो नियम एकट्या आयएसबीएनवर बेतलेला असेल तर वर वर्णन केलेली प्रत्येक चूक शेकडो पुस्तकांना एका दमात लागू होते. काही स्थानिक प्रणालींत आयएसबीएनचा रकाना सक्तीचा आणि अद्वितीय असा दुहेरी ठेवलेला असतो. ही रचना चुकीची आहे, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. ज्या पुस्तकाला क्रमांकच नाही त्याच्यासाठी तेथे खोटा क्रमांक रचावा लागतो, आणि ज्याचा क्रमांक प्रकाशकाने दुबार छापला आहे त्याच्यासाठी एखादा अंक मुद्दाम बदलावा लागतो. म्हणजे शुद्धतेसाठी घातलेली अट अशुद्ध नोंद करायला भाग पाडते.

मराठी पुस्तकांच्या बाबतीत क्रमांकावरचा भार अधिक वाढतो, कारण वर्णनावरून जुळणी करणे देवनागरीत कठीण जाते. ‘ॲ’ हे अक्षर संगणकात दोन रीतींनी साठवले जाते, ते डोळ्यांना सारखेच दिसते आणि यंत्राला वेगळे वाटते. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात जोडाक्षरे मोडलेली असतात. एकाच लेखकाचे नाव ‘पु. ल. देशपांडे’, ‘देशपांडे, पु. ल.’ आणि ‘देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण’ अशा तीन रूपांत सापडते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्लीतील कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतील पुस्तके जमवत आले आहे, आणि तेथील तालिकापद्धतीत मराठी शीर्षके रोमन लिपीत, खुणांसह, उतरवली जातात. तीच शीर्षके महाराष्ट्रातील ग्रंथालयात देवनागरीत असतात. या दोन नोंदी एका संयुक्त तालिकेत, म्हणजे अनेक ग्रंथालयांचा संग्रह एकत्र दाखवणाऱ्या तालिकेत, आल्या तर शीर्षक व लेखक यांवरून त्यांची भेट होत नाही आणि दुवा म्हणून एकटा आयएसबीएन उरतो. ज्या भाषेला या क्रमांकाची सर्वाधिक गरज आहे तिच्याच प्रकाशनव्यवहारात तो सैलपणे वापरला जावा, ही खेदाची गोष्ट आहे.

परिणाम वाचकाला भोगावे लागतात. कायद्याच्या किंवा वैद्यकाच्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती जुन्याच क्रमांकाने आली, तर खरेदीपूर्व तपासणीत ‘संग्रही आहे’ असे उत्तर मिळते आणि नवी आवृत्ती घेतलीच जात नाही. दोन भिन्न पुस्तकांच्या प्रती एका नोंदीखाली गेल्या तर मागणी नोंदवणाऱ्याच्या हाती भलतेच पुस्तक पडते. तालिकेतील मुखपृष्ठाचे चित्र बाहेरच्या स्रोतातून क्रमांकावरून आपोआप येत असल्याने कवितासंग्रहावर पाककृतींच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ झळकू शकते, आणि निदान तेवढ्याने चूक ध्यानात तरी येते. सर्वांत गंभीर परिणाम संग्रह छाटताना होतो. तीन प्रती आहेत असे तालिकेत दिसले म्हणून एक बाद केली जाते, आणि ती प्रत्यक्षात वेगळ्या पुस्तकाची एकमेव प्रत असते.

उपायांची तरतूद नोंदरचनेत पूर्वीपासूनच आहे. मार्क २१ या सर्वत्र चालणाऱ्या रचनेत ०२० हे क्षेत्र आयएसबीएनसाठी राखलेले असून ते एका नोंदीत हवे तितक्या वेळा घेता येते. शुद्ध क्रमांक ‘ए’ या उपक्षेत्रात जातो. बांधणी किंवा खंड यांचा खुलासा ‘क्यू’ मध्ये. आणि रचनेने अशुद्ध असलेला, रद्द झालेला किंवा रचनेने शुद्ध असूनही दुसऱ्या प्रकाशनाचा असलेला क्रमांक ‘झेड’ मध्ये. पुस्तकावर छापलेला चुकीचा क्रमांक अशा रीतीने नोंदीत राहतो, त्यावरून शोध घेणाऱ्याला पुस्तक सापडते, पण जुळणीच्या वेळी तो ओळख म्हणून धरला जात नाही. ‘झेड’ हे उपक्षेत्र नेमाने वापरले तर दुबार क्रमांकांचा बराचसा उपद्रव थांबेल. ते रिकामे राहते याचे कारण नोंदी भरणाऱ्याला त्याचा उपयोग कोणी शिकवलेला नसतो आणि कामाचे मोजमाप नोंदींच्या संख्येवर होत असते. प्रतीची ओळख दाखल क्रमांकावरच, म्हणजे दाखल नोंदवहीत प्रत्येक प्रतीला मिळणाऱ्या स्वतंत्र क्रमांकावरच, ठेवावी आणि देवघेवीसाठी मलपृष्ठावरचा बारकोड कधीही वापरू नये, हेही येथेच सांगितले पाहिजे, कारण त्या बारकोडला एका पुस्तकाच्या दोन प्रतींतला फरक दाखवता येत नाही.

मोठ्या तालिकांचा अनुभवही क्रमांकावर एकट्याने विसंबू नये असाच आहे. वर्ल्डकॅट ही जगातील सर्वांत मोठी संयुक्त तालिका चालवणाऱ्या ओसीएलसीने १९९१ पासून पुस्तकांच्या दुबार नोंदी यंत्राने शोधण्याचे काम हाती घेतले. त्या पद्धतीत शीर्षक, कर्ता, प्रकाशक, वर्ष, पृष्ठसंख्या आणि क्रमांक अशा अनेक घटकांची एकत्र तुलना होते आणि क्रमांक जुळूनही बाकीचे घटक फटकून असतील तर नोंदी वेगळ्याच ठेवल्या जातात. भारतात इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-जाळ्याच्या संयुक्त तालिकेत विद्यापीठांच्या नोंदी एकत्र येतात, आणि तेथेही मूळ नोंदी ज्या दर्जाच्या असतील त्यापलीकडे विलीनीकरण जाऊ शकत नाही. पृष्ठसंख्या हा साधा तपशील या कामी फार उपयोगी पडतो. क्रमांक एकच, पण एका नोंदीत १६४ पाने आणि दुसरीत २४८, एवढ्यावरून तालिकाकाराला पुस्तके हातात घेऊन पाहण्याची गरज कळते. दुर्दैवाने घाईच्या नोंदींत पृष्ठसंख्येचाच रकाना आधी गाळला जातो.

शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या महाराष्ट्रात हजारोंच्या घरात आहे, आणि त्यांतील जुन्या संस्थांच्या संग्रहांचा मोठा भाग आयएसबीएन येण्यापूर्वीचा आहे. या पुस्तकांच्या नोंदींत क्रमांकाचा रकाना रिकामाच राहिला पाहिजे. तेथे ओळीने दहा शून्ये भरली की प्रणालीच्या लेखी ती सर्व पुस्तके एकमेकांच्या दुबार ठरतात, आणि नव्या पुनर्मुद्रणाचा क्रमांक जुन्या प्रतीला लावला तर पहिल्या आवृत्तीचा माग हरवतो. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची तयार केली तेव्हा कोणत्याही पुस्तकावर असा क्रमांक नव्हता. कर्ता, शीर्षक, आवृत्ती, प्रकाशनस्थळ, वर्ष आणि पृष्ठे यांच्या आधारे त्यांनी एकेका पुस्तकाची ओळख पटवली. संगणकीकरणाच्या कामात जुन्या संग्रहांच्या नोंदी करताना ही सूची शेजारी ठेवता येते, आणि दाखल नोंदवहीतील त्रोटक ओळ तिच्याशी ताडून आवृत्ती व वर्ष पक्के करता येते. हे काम सावकाश होते, त्यासाठी मराठी ग्रंथव्यवहार जाणणारा माणूस नेमावा लागतो आणि संगणकीकरणाच्या अंदाजपत्रकात त्याच्या वेतनाची तरतूद करावी लागते.